घोडं कुठे पेंड खातं?

मालवणच्या किनाऱ्यावर संध्याकाळी दोन विषयांत प्रत्येक जण तज्ज्ञ असतो. बांगड्याचा भाव का पडला हा एक, आणि अमक्याची होडी तमक्याच्या मागे का राहते हा दुसरा. पहिल्याचं खापर व्यापाऱ्यावर फुटतं, दुसऱ्याचं इंजिनावर. होडीच्या मालकावर कशाचंच फुटत नाही, कारण तो तिथेच उभा असतो.

घाई खोटी नाही. आधी लागलेल्या होडीच्या मासळीसाठी गिऱ्हाईक उभं असतं. मागाहून येणाऱ्याला बर्फ शोधत फिरावं लागतं. म्हणून तरण्या पोरांचं एकच टुमणं असतं: ‘‘आबानू, पंधराचा इंजान घेतला तर?’’ आबा विडी विझवतात आणि होडीला एक फेरी मारून म्हणतात, ‘‘इंजनाक कायएक झालेला नाय. आदी बूड खरवड.’’

होडीच्या पाठीला अडकवायचं हे इंजिन ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकन माणसाने 1909 च्या सुमारास बाजारात खपवून दाखवलं. भावी पत्नीसाठी तळं ओलांडून वल्हवत आइस्क्रीम आणेपर्यंत ते वितळलं आणि त्यातून कल्पना सुचली, असं सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, घाई तेव्हाही खाण्याच्या वस्तूचीच होती! आता बाजारात 9.9 हॉर्सपॉवरचं इंजिन दिसतं. हा आकडा बाटाच्या चपलेच्या किमतीसारखा वाटतो, पण त्यामागे कारण आहे. अमेरिकेत कित्येक तळ्यांवर 10 हॉर्सपॉवरला मनाई, म्हणून कंपन्यांनी दहाला किंचित कमी ठेवून पळवाट काढली. आपल्या समुद्राला असली मर्यादा नाही, तरी आपणही ते दशांशाचं लंगडं घोडं मागे बांधून फिरतो.

मग पंधरा घोडे बांधले तर? इथे विल्यम फ्रूड नावाचे इंग्रज इंजिनिअर आडवे येतात. त्यांनी 1867 मध्ये डार्ट नदीत दोन घाटांच्या छोट्या होड्या ओढून पाहिल्या. टोकदार नाकाच्या होडीचं नाव रेव्हन, म्हणजे डोमकावळा, आणि गोलमटोल होडीचं स्वान, म्हणजे हंस. हळू ओढताना कावळा सरस ठरला, वेग वाढवल्यावर हंस. पुढे टॉर्कीला घराशेजारी लांबच लांब हौद बांधून हा गृहस्थ मेणाच्या होड्या ओढत बसला. शेजारीपाजारी काय म्हणत असतील ते आपण मालवणातले लोक नीट समजू शकतो. पण त्यातून जे कळलं ते आबांना न वाचताच ठाऊक आहे: पाणी कापत जाणारी होडी स्वतःच लाट उठवते आणि स्वतःच त्या लाटेच्या खळग्यात अडकते. पाण्यालगतची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि 1.34 ने गुणा, की त्या अडकण्याचा वेग नॉटमध्ये मिळतो. 25 फुटी होडीचा तो 6.7 नॉट, म्हणजे ताशी साडेबारा किलोमीटरच्या आत. त्यापुढे पेट्रोल दुप्पट ओता. लाट मोठी होईल, आवाज वाढेल, मालक खूश होईल. होडी आहे तिथेच.

सुटका एकच. होडीने लाटेवर चढून पाण्याच्या पाठीवरून सरकायला लागायचं. सपाट बुडाची हलकी होडी मोठ्या इंजिनाने खरंच तशी चढते, आणि तेव्हा पंधराचे पैसे वसूल होतात. पण ओली जाळी, बर्फाची पेटी आणि चार माणसं घेतलेली होडी चढायचं नाव काढत नाही. म्हणजे सगळा मामला वजनाशी येऊन ठेपतो, आणि वजनाच्या बाबतीत कोकणी माणसाचा हात धरणारा कोणी नाही. पुढेमागे लागेल म्हणून ठेवलेली दोरखंडं, मोडकं वल्हं, गळका डबा, दोन वर्षांपूर्वीच्या जाळ्याच्या शिश्याच्या गोळ्या, कोणाचा तरी एकच बूट... एका होडीच्या नाळेखाली मी पाटा पाहिला आहे, वरवंट्याशिवाय. शिवाय तळात साचलेलं पाणी. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलोंचा फुकटा प्रवासी, तोही होडी उचलली की मागे आणि टेकली की पुढे धावणारा. फायबरच्या दोन थरांमधला फोम एकदा पाणी प्यायला की होडी मालकासारखीच वर्षागणिक जाड होत जाते. नांगर, वल्ही आणि लाइफ जॅकेट मात्र हलकेपणाच्या नावाखाली उतरवू नयेत. परत यायचंही असतं.

त्यानंतर बूड. हिरव्या शेवाळाचा थर हाताला बुळबुळीत लागतो, म्हणून माणसाला वाटतं पाणीही त्यावरून घसरत असेल. उलट ते पाणी धरून ठेवतं. त्यावर कवचाचे जीव बसले की आपण मासळी नव्हे, खडकच ओढत असतो. 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारीबंदीत होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हा खरवडायला भरपूर वेळ असतो. त्या वेळात आपण पंधराच्या इंजिनाचे भाव विचारतो.

पंख्याचंही तेच. पंख्यावर दोन आकडे असतात, घेर आणि पिच. 9 इंच पिच म्हणजे एका फेरीत, पाणी घट्ट असतं तर, होडी 9 इंच पुढे गेली असती. पाणी घट्ट नसतं, त्यामुळे थोडं निसटतं. जास्त पिच म्हणजे जास्त वेग असं समजून पोरं मोठ्या पिचचा पंखा लावतात आणि इंजिन धापा टाकायला लागतं. पिच एका इंचाने बदललं की दीडशे-दोनशे फेऱ्यांचा फरक पडतो. भरल्या होडीत पूर्ण थ्रॉटलवर इंजिन पुस्तकात लिहिलेल्या फेऱ्या गाठत नसेल, तर पिच एका इंचाने कमी केल्यावर होडी पळते. हे कोणालाही पटत नाही. आणि वाळूत घासून पात्याची कड दातेरी झाली असेल, तर आकडे बघण्यात अर्थच नाही.

इंजिनाची उंचीही पाहावी. पंख्यावरची आडवी पट्टी बुडाच्या पातळीत किंवा इंचभर खाली असावी. खूप खाली असली तर पाणी अडतं, खूप वर असली तर पंखा हवा गिळतो. कलण्याची खीळ एक भोक पुढेमागे करून पाहायला पैसे पडत नाहीत, म्हणूनच बहुधा कोणी करून पाहत नाही.

राहिली माणसं. हँडल धरणारा मागे, पेट्रोलची टाकी मागे, गप्पा मारायला खलाशीही मागे. मग नाळ आकाशाकडे आणि बूड पाण्यात रुतलेलं. टाकी पुढे नेली आणि एक जण उठून मधे बसला, तरी फरक दिसतो, आणि खर्च शून्य. तेव्हा तुम्ही सिंधुदुर्ग किल्ल्याला किंवा डॉल्फिन बघायला छोट्या होडीतून निघालात आणि होडीवाला म्हणाला, ‘‘वायच फुडे सरकान बसा बगू,’’ तर मुकाट्याने सरका. फ्रूडसाहेबांनीही हेच सांगितलं असतं.