येतो, पण थोडासाच

प्रत्येक सोसायटीत एक नाना असतात. घरातलं विजेचं काहीही बिघडलं की हे गृहस्थ वकीलपत्र घेतात, तेही यंत्राचं.

आमच्या नानांच्या फ्रीजला करंट येतो. हे त्यांना मान्य नाही असं नाही. "येतो, पण थोडासाच," म्हणतात. फ्रीजपाशी रबरी सपाता कायमच्या ठेवलेल्या; दूध काढायचं तर आधी त्या पायात अडकवायच्या, ही घरची शिस्त. परवा काकूंनी ओल्या हाताने दार धरलं आणि झटक्यासरशी हातातली लोणच्याची बरणी फरशीवर. नानांचा निकाल तयार होता : "हात तुझा ओला. फ्रीजचा काय दोष?"

मुद्दा बिनतोड. ओल्या कातडीतून करंट सहज शिरतो, हे खरंच आहे. अडचण एवढीच की त्या स्वयंपाकघरात कायम कोरडे असलेले हात फक्त नानांचे.

शेवटी वायरमन आला. टेस्टर टेकवताच पेटला.

"फारच हळवा दिसतो रे तुझा टेस्टर."

त्याने फ्रीज ओढून प्लग दाखवला. वरची जाड पिन मुळापासून कापलेली. "बोर्डात बसत नव्हती," नाना म्हणाले. ती पिन मुद्दाम लांब ठेवतात, प्लग खोचताना अर्थिंग सगळ्यात आधी जोडलं जावं म्हणून. नानांच्या लेखी ती अडगळ होती.

"आणि एमसीबी आहे की! जास्त झालं तर पडेल."

"काका, तो 16 अँपिअरचा. तो वायरिंग वाचवतो. माणसाला त्याचा पाचशेवा भागसुद्धा भारी पडतो."

"वीस वर्षांत गेलं का कोणी?" नानांनी घरच्या मंडळींकडे बोट दाखवलं. पुरावे गप्प उभे होते.

वायरमनने प्लग बदलला, अर्थिंग जोडलं आणि बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. फ्रीज चालू केला मात्र, आरसीसीबी खट्‌दिशी पडला. वर केला, पुन्हा पडला. करंट गळतोय याची याहून सरळ साक्ष कुठली मिळणार?

नानांचा चेहरा खुलला. "बघ! फ्रीज वीस वर्षं बिनतक्रार चालतोय आणि तुझं हे नवंकोरं पाच मिनिटांत बिघडलं. गॅरंटीत आहे ना?"