चुकलंच माझं! : नवशिक्यांसाठी पहिले धडे

१. आधी साहित्य जमवा. फार मोठा अपमान लागत नाही. छत्रपती संभाजीनगरात असाल, तर बीड बायपासच्या एखाद्या लॉन्सवर लग्नाला जा. वधूपिता म्हणतील, "जेवून जा हं." घाईघाईत म्हणा, "तुम्हीपण." झालं, वर्षभराची बेगमी.

२. ते विसरले असतील, ही शंका मनाला शिवू देऊ नका. त्या संध्याकाळी त्यांना स्वतःचे व्याही ओळखू येत नव्हते हे खरं, पण तुमचं वाक्य त्यांनी आहेराच्या वहीत टिपून ठेवलंय.

३. उजळणीची वेळ रात्री दोनची. तेव्हा जागं असतं ते फक्त नळाला पाणी आलेलं घर. त्या घरातले कशाला जागे असतील? तुमच्याबद्दल बोलायला! प्रत्येक उजळणीत वधूपित्याचा चेहरा थोडा जास्त पाडा. त्रास होतो, समजू शकतो. पण साधना म्हटली की आलंच.

४. पुढे कॅनॉटला तेच दिसले, तर बंद मोबाइल कानाला लावून "हो हो, पोचतोच" म्हणा. मोबाइल चालू असेल, तर तो नेमका तेव्हाच वाजेल. अशा विद्यार्थ्यांना पुढच्या वर्षाचं साहित्य फुकट.

५. मानसशास्त्रज्ञांपासून चार हात लांब राहा. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ साली आपल्या या साधनेला चक्क आजाराचं इंधन ठरवलं. त्यांच्या पद्धतीचे समुपदेशक सांगतात, काय वाईट होईल ते आधी लिहा, मग मुद्दाम चुका आणि समोरच्याचा चेहरा नीट बघा. बघितलात की संपलं! समोरचा पुरी मागत असतो. २००० साली कॉर्नेल विद्यापीठातल्या गिलोविच यांनी विद्यार्थ्यांना लाज वाटेल असे टी-शर्ट घालून लोकांत पाठवलं. निम्म्यांच्या तरी लक्षात येईल, असं घालणाऱ्यांना वाटलं. आलं जेमतेम पाव जणांच्या. उरलेल्यांना आपापल्या शर्टाची काळजी.

६. घाटी रुग्णालयाच्या मनोविकृती विभागात तर जाऊच नका. रांगेत कुणी ओळखीचं भेटलं तर? (तोही रांगेतच असेल. दुर्लक्ष करा.)

७. अगदीच राहवलं नाही, तर टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ आहे. चोवीस तास, फुकट, आणि मराठीतही बोलतात. लावा खुशाल. "हॅलो" नीट म्हणालो का, याचा विचार करायला पुढची रात्र मोकळीच आहे.