बुडबुड्याचं पाणी

"काकू, काका कसे हायेत आता?"

"कायचे कसे व माय! आतड्याचं आपरेशन झालं, आता केमो चालू हाय अकोल्याले. हातापायाले सारख्या मुंग्या. शर्टाची गुंडी लागत नाई. थंड गडव्याले हात लागला का करंट बसल्यावानी करतात."

तारेच्या कुंपणाअलीकडे डी. फार्म. झालेली सून वाळलेले कपडे काढत होती. कुंपणापल्याडच्या काकू मुद्द्यावर आल्या.

"जावयानं पुण्याहून बाटली आणली. बटन दाबलं का बुडबुडे येतात. हायड्रोजनचं पाणी म्हणे, नसा जाग्या होतात. सोयाबीनचे पैसे गेले तिच्यात!"

हे किन्हीराजा गाव नागपूर-संभाजीनगर रस्त्यावरचं. तरी इथे नवी वस्तू जरा उशिरा येते, पण जावयाच्या हातून आली की तिला नाव ठेवायची सोय नाही.

"बुडबुडे खोटे नाईत काकू. हायड्रोजन पेशी जाळणाऱ्या कणाईले आवरते, हे जपानातल्या लोकाईनं 2007 मधीच दाखवलं. ऑक्सॅलिप्लॅटिन नावाचं केमोचं औषध देल्लेल्या उंदराईले हे पाणी पाजलं, त्याईचं दुखणं कमी झालं."

"मंग?"

"मंग काय, उंदीर होते ते! लिटरभर पाण्यात जेमतेम दीड मिलिग्रॅम वायू मुरते, अन् उघडं ठेवलं का उडून जाते. काकाचं औषध कोणतं?"

"तेच, लिव्हलं हाय फाईलीवर, तू म्हणतं ते ऑक्सा का काय. अन् उघडं नाई ठेवत मी. फ्रीजमंदी ठेवतो, थंडगार."

"अगाई! अहो, त्या औषधाले थंडीचंच वाकडं हाय! थंड पाणी प्यालं का गळ्यातबी टोचते. कोमट द्या. डॉक्टरले मुंग्याचं सांगतलं?"

काकूंनी आवाज खाली आणला. "नाई. सांगतलं तर सलाईन बंद करतीन म्हणतात."

"बंदच करतीन असं नाई, डोस कमी करता येते. दडवून ठेवलं तर नस कायमची जाऊ शकते. केमो संपल्यावरबी हे दुखणं कदी कदी महिनोन् महिने वाढत राह्यते. डुलोक्सेटिन नावाची गोळी हाय, 2013 मधी 231 पेशंटवर तपासली. सगळ्याईले नाई, पण काहीईले फरक पडते. ते डॉक्टरच ठरवतीन. अन् काकाले वावरात अनवाणी जाऊ देऊ नका, काटा रुतला तरी समजत नाई."

"अन् जावयाले काय सांगू?"

"पाणी प्याले हरकत नाई म्हणा. फक्त कोमट."

काकू फ्रीजकडे निघाल्या, मग परत वळल्या. "काव, वापरलेली बाटली परत घेत असतीन का ते लोक?"