चिरस्थायी वाटणी: वारसदार असलेल्या शेतकऱ्यासाठी मार्गदर्शिका

शेतजमिनीची वाटणी, म्हणजे कुटुंबाच्या सामायिक मालकीचे वारसांच्या स्वतंत्र हिश्शांत केलेले विभाजन, एका दुपारी उरकता येते असा समज अननुभवी शेतकऱ्यांत आढळतो. तो वेळीच दूर न केल्यास तीन भाऊ आणि दोन बहिणी एकाच बैठकीत सह्या करून, एकाच पंगतीला जेवून आपापल्या घरी जातील आणि पुढे लग्नकार्याखेरीज कोणी कोणाला भेटणार नाही, असा धोका संभवतो. याउलट जिच्यात पुरेशा उणिवा काळजीपूर्वक पेरलेल्या असतात, ती वाटणी वारसांना दर तारखेला एकत्र आणते, त्यांच्या मुलांची एकमेकांशी ओळख करून देते आणि पणजोबांचे पूर्ण नाव, निरनिराळ्या दस्तांतील त्याच्या सर्व पाठभेदांसह, नातवंडांकडून पाठ करून घेते. प्रस्तुत मार्गदर्शन या दुसऱ्या, दीर्घायुषी प्रकारापुरते मर्यादित आहे. चेन्नईवासी तंजावरी मराठी कुटुंबांना ते विशेष उपयोगी पडावे, कारण ज्यांचे शेत कावेरीच्या खोऱ्यात आणि वारस जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरील संगणक कंपन्यांत असतात, त्यांना अनुकूल परिस्थिती आयतीच लाभलेली असते.

पहिला नियम असा की मालकाने हयातीत काहीही स्पष्ट करू नये. या बाबतीतले सर्वांत थोर उदाहरण भोसले घराण्यातच सापडते. शहाजीराजे 23 जानेवारी 1664 रोजी होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून निवर्तले, आणि बंगळूर, कोलार, होसकोटे इत्यादी मुलखांची कर्नाटकातील जहागीर धाकटे पुत्र व्यंकोजी यांच्या वहिवाटीत, म्हणजे प्रत्यक्ष ताब्यात व उपभोगात राहिली. थोरले सावत्र बंधू शिवाजी महाराज त्या काळात सह्याद्रीच्या पलीकडे अधिक निकडीच्या कामांत गुंतलेले होते. तेरा वर्षे प्रश्न तसाच मुरला. वाटणीचे हे लोणच्यासारखेच असते, बरणी लवकर उघडली तर फोडी कच्च्या लागतात. त्या अवधीत व्यंकोजींनी तंजावरही घेतले, त्यामुळे वडिलोपार्जित काय आणि स्वकष्टार्जित काय, म्हणजे वारशाने आलेली मिळकत कोणती आणि स्वतःच्या पराक्रमाने मिळवलेली कोणती, हा प्रत्येक चांगल्या दाव्याला लागणारा मुद्दाही आपोआप तयार झाला. सामान्य शेतकऱ्याला राज्य जिंकणे जमत नसले तरी वडिलोपार्जित शेतातील भाताच्या पैशातून स्वतःच्या नावे दुसरे शेत घ्यावे आणि त्या व्यवहाराचा हिशेब ठेवू नये. परिणाम तोच होतो.

दुसरी आवश्यकता दुखावलेल्या कारभाऱ्याची. रघुनाथ नारायण हणमंते हे शहाजीराजांच्या पदरचे जुने आणि कर्तबगार कारभारी. व्यंकोजींशी न पटल्याने ते शिवाजी महाराजांकडे आले आणि मिळकतीची खडान्‌खडा माहिती बरोबर घेऊन आले. हल्लीच्या कुटुंबांना असा माणूस मिळणे अवघड झाले आहे, कारण तमिळनाडूत वंशपरंपरागत कर्णम, म्हणजे गावचे हिशेबनीस, 1980 मध्येच बंद झाले. त्यांची उणीव काढून टाकलेल्या दिवाणजीने अथवा बोलावणे न गेलेल्या मामाने भरून काढावी.

बैठकीची जागा नदीकाठी असावी. 1677 च्या उन्हाळ्यानंतर शिवाजी महाराजांचा तळ कोल्लिडम नदीच्या उत्तर तीरावर तिरुमळवाडी येथे पडला, व्यंकोजी भेटीस आले, मेजवान्या झाल्या, आणि मग वडिलांच्या दौलतीचा अर्धा वाटा, त्यात मुलूख तसेच रोकड, जडजवाहीर आणि घोडे, असा विषय निघाला. व्यंकोजींनी होकार दिला नाही व नकारही दिला नाही. ते एका रात्री नदी उतरून तंजावरला निघून गेले. ‘घरी विचारून सांगतो’ या आजच्या पद्धतीचे हे अधिक प्रामाणिक रूप म्हणावे लागेल. पुढे वालिकंडपुरमजवळ लढाई झाली, तिच्यात महाराजांच्या बाजूने सेनापतित्व करणारे संताजी हेही शहाजीराजांचेच पुत्र होते, त्यामुळे निदान वाद घराबाहेर गेला, असे कोणाला म्हणता आले नाही. साहित्याच्या यादीत एक वस्तू अवश्य असावी: त्याच वर्षी महाराजांच्या माणसांनी मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यातील इंग्रजांकडे विषावरचे उतारे आणि काही औषधी खडे मागितले, आणि इंग्रजांनी दाम न घेता ते पाठवले. मागणीचे कारण वाटणी हेच होते असे म्हणणे धाडसाचे ठरेल, तरी भाऊबंदकीच्या मोहिमेवर निघालेल्या पक्षाने ही तयारी करून ठेवण्यास हरकत नाही. याच स्वारीत महाराजांनी चेन्नईच्या तंबू चेट्टी रस्त्यावरील काळिकांबाळ मंदिरात 3 ऑक्टोबर 1677 रोजी दर्शन घेतले असे मंदिरात सांगितले जाते. हायकोर्ट तेथून पायी जाण्याच्या अंतरावर असल्याने आजचे पक्षकार दोन्ही ठिकाणे एका फेरीत करू शकतात.

या वादाचा तह झाला तो व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांच्या शहाणपणामुळे, आणि त्यात बंगळूर व आसपासचा मुलूख महाराजांनी भावजयीला चोळीबांगडीसाठी, म्हणजे स्त्रीच्या खासगी खर्चाची नेमणूक म्हणून दिला. हा भाग मार्गदर्शनाच्या हेतूशी विसंगत असल्याने त्याचे अनुकरण करू नये. मराठी मुलखातील रूढ पद्धत याच्या नेमकी उलट आहे: बहिणीला दिवाळीला बोलवावे, लुगडे आणि ब्लाऊजपीस द्यावे, आणि पान खाऊन झाल्यावर हक्कसोडपत्र, म्हणजे वारसाहक्क सोडल्याचा दस्त, पुढे सरकवावा. एकीला चोळीबांगडीत बंगळूर मिळते आणि दुसरीला चोळीच्या बदल्यात चार एकर सोडावे लागतात, या तफावतीकडे शास्त्राचे दुर्लक्ष झाले आहे.

कायद्याने मात्र मुलींच्या बाबतीत दीर्घायुषी वाटणीला मोलाचा हातभार लावला. मुलगी ही मुलाप्रमाणेच सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतःच हिस्सा असलेली वारस, हे तमिळनाडूने 25 मार्च 1989 पासून मान्य केले, पण त्यापूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळून. महाराष्ट्राने हेच 1994 मध्ये केले. केंद्राचा कायदा 9 सप्टेंबर 2005 रोजी आला, त्यात लग्नाची अट नव्हती. आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. ज्या शेतकऱ्याच्या थोरल्या मुलीचे लग्न 1988 मध्ये आणि धाकटीचे 1990 मध्ये झाले, त्याने स्वतः काहीही न करता एक उत्तम वाद कमावला होता. नोंदणीकृत दस्त झालेल्या जुन्या वाटण्या या बदलांतून सहीसलामत सुटल्या, तोंडी वाटपाच्या युक्तिवादाकडे न्यायालये संशयाने पाहतात. म्हणून वाटप तोंडीच करावे, आणि पंच म्हणून जे बसतील त्यांच्या प्रकृतीची आधी चौकशी करून त्यातल्या त्यात अशक्त निवडावेत.

मोजणीत एकच माप वापरण्याचा मोह टाळावा. कावेरीकाठचे आजोबा वेली या मापात बोलतात, वेली म्हणजे सुमारे साडेसहा एकर, आणि तिचा विसावा भाग म्हणजे मा, दस्तात एकर आणि सेंट येतात, चेन्नईचा जावई ‘ग्राऊंड’मध्ये, म्हणजे 2,400 चौरस फुटांत विचार करतो, पुण्याची सून गुंठ्यांचा भाव विचारते. एका एकरात 100 सेंट, 40 गुंठे आणि 18 ग्राऊंडांहून थोडे अधिक बसते, हे ज्याला तोंडी सांगता येते अशा माणसाला बैठकीपासून दूर ठेवावे. पट्टा, म्हणजे महसूल खात्यातील मालकीचा उतारा, सर्वांच्या नावे सामायिकच राहू द्यावा, शेतात मात्र बांध घालून घ्यावेत, आणि बांधावरच्या नारळाचा उल्लेख कोठेही करू नये. विहीर एकाच्या हिश्शात, मोटार दुसऱ्याच्या खर्चाची आणि विजेचे फुकट कनेक्शन वारलेल्या आजोबांच्या नावावर, ही रचना सर्वोत्कृष्ट होय, कारण नाव बदलायला सर्वांची संमती लागते आणि संमती द्यायला पाण्याची पाळी आधी ठरावी लागते.

वस्तूंच्या वाटणीत मोठ्या वस्तूंची चिंता करू नये. ट्रॅक्टर विकला जातो, पैसे वाटले जातात आणि विषय मिटतो. खरे सामर्थ्य पितळी हंड्यात, नाव कोरलेल्या तांब्यात आणि शिसवी झोपाळ्यात असते. झोपाळा चेन्नईच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये कोणालाच टांगता येत नाही, तरी तो दुसऱ्याकडे जाऊ नये याविषयी सर्व वारसांचे एकमत असते.

वाटणीचे आयुष्य किती ताणता येते, याचा मानदंड पुन्हा तंजावरनेच घालून दिला. तेथील अखेरचे राजे दुसरे शिवाजी 1855 मध्ये मुलगा नसताना वारले. कंपनीने राज्याबरोबर खासगी मिळकतीवरही हात ठेवला. थोरल्या राणी कामाक्षीबाई मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. 1859 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ही राजसत्तेची कृती असल्याने न्यायालयाला तिच्यात पडता येत नाही, असे सांगून तो निकाल फिरवला. सरकारने पुढे मिळकत परत दिली, तेव्हा राण्यांचा आपसांत दावा लागला आणि 1868 मध्ये मद्रास हायकोर्टाने सर्व विधवांचा हक्क सामायिक ठरवला. 1918 मध्ये सरस्वती महालातील ग्रंथसंग्रह सार्वजनिक झाला, बाकीच्या मिळकतीचा प्रश्न 1920 च्या दशकातही त्याच हायकोर्टात चालू होता, आणि तोवर पक्षकारांत कोल्हापूरचे महाराजही दाखल झाले होते. कंपनी गेली, राण्या गेल्या, वकिलांच्या पिढ्या बदलल्या, फाईल राहिली.

इतके सांगूनही एखाद्या शेतकऱ्याला मृत्युपत्र करण्याचा आग्रहच असेल, तर ते निदान विचारपूर्वक करावे. कायद्याला दोन साक्षीदार लागतात. दोघेही मृत्युपत्र करणाऱ्यापेक्षा वयाने मोठे असावेत, आणि शक्य तर एक तिरुचिरापल्लीत व दुसरा मुलाकडे न्यू जर्सीत राहणारा असावा. ‘नदीकडचे शेत’ असे लिहावे, सर्व्हे नंबर लिहू नये. सही तमिळमध्ये, मजकूर इंग्रजीत आणि समासातील दुरुस्त्या मोडीत असल्यास तज्ज्ञाच्या साक्षीची सोय होते. मूळ प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी, आणि तो लॉकर तिन्ही भावांच्या संयुक्त सहीखेरीज उघडू नये अशी सूचना बँकेला लेखी देऊन ठेवावी.