सद्वर्तनाचा दाखला

ब्रिटिश नागरिकत्वाच्या अर्जात सच्चारित्र्याविषयी एक स्वतंत्र प्रकरण असते असे कळले, तेव्हा बाकीच्या प्रकरणांची मला फारशी फिकीर उरली नाही. कारण उत्पन्न, निवास, भाषा असल्या किरकोळ बाबतींत माझ्याहून सरस माणसे या बेटावर पुष्कळ असतील, परंतु चारित्र्यात मला मागे टाकील असा अर्जदार गृहखात्याला सहजासहजी मिळणार नाही, अशी माझी फार जुनी समजूत आहे. गणेशोत्सवाच्या वर्गणीचा हिशेब मी वर्षानुवर्षे चोख ठेवला आहे, तूट आली तर खिशातून भरली आहे आणि ती भरल्याचा उल्लेख शक्यतो प्रत्येक सभेत केला आहे. यांपैकी काय सांगावे आणि काय विनयापोटी वगळावे, याचा एक मसुदाही मी करून ठेवला होता.

प्रत्यक्ष प्रश्न मात्र निराळेच निघाले. आपण युद्धगुन्हे केले आहेत काय? वंशसंहारात भाग घेतला आहे काय? दहशतवादी कृत्यांस साहाय्य केले आहे काय? समोर होय आणि नाही एवढेच पर्याय. नाही, नाही, नाही असे ओळीने नोंदवीत गेलो आणि ज्या गुणसंपदेचा मी आयुष्यभर संचय केला तिच्यासाठी सबंध अर्जात एक रेघसुद्धा राखलेली नाही, हे ध्यानात आल्यावर मन खट्टू झाले. शेवटी एक व्यापक प्रश्न येतो: आपल्या सच्चारित्र्याविषयी शंका उत्पन्न होईल असे अन्य काही आपण केले आहे काय? मी तिथेही नाही म्हणणार, तोच मागे उभ्या राहून वाचणाऱ्या आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, तिथं लिहायला जागा किती दिलीय?"

यापुढची पायरी साक्षीदारांची. दोन जामीन लागतात; एक कोणत्याही राष्ट्राचा, पण सरकारमान्य पेशाचा, आणि दुसरा ब्रिटिश पारपत्र बाळगणारा. दोघांनीही अर्जदाराला निदान तीन वर्षे व्यक्तिशः ओळखलेले असावे, आणि ते त्याचे किंवा परस्परांचे नातलग नसावेत. आमच्या माणसांत नाते निघत नाही असा माणूस शोधणे हेच मुळात बिकट. पहिल्या साक्षीदाराची आजी आमच्या आत्याच्या सासरची निघते की काय, या धास्तीने आम्ही त्याच्याशी गावाकडच्या गोष्टी बोलणेच सोडले. दुसरा साक्षीदार म्हणून शेजारच्या निवृत्त इंग्रज शिक्षकांना गळ घातली. इतक्या वर्षांच्या शेजारात आमचे संभाषण पावसापलीकडे गेलेले नसल्यामुळे ते माझ्याविषयी काय जाणतात, याचे मला स्वाभाविक कुतूहल होते. ते म्हणाले, "तुमचा कचऱ्याचा डबा आदल्या रात्री बाहेर येतो आणि सकाळी वेळेवर आत जातो. माझी काहीच हरकत नाही." मला हे अपमानास्पद वाटले, पण नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी नेमलेले सरकारी पुस्तक उघडले, तर चांगल्या शेजाऱ्याची लक्षणे सांगताना कचरा नेण्याची वेळ असेल तेव्हाच डबे रस्त्यावर ठेवावेत, असा उपदेश त्यात खरोखरच छापलेला आढळला. ती परीक्षा, म्हणजे पंचेचाळीस मिनिटांत चोवीस प्रश्न आणि त्यांपैकी अठरा बरोबर, मी आठव्या हेन्रीच्या सहा राण्या क्रमवार पाठ करून उत्तीर्ण झालो, यापेक्षा तिच्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

गैरहजेरीच्या तक्त्याचे तसे नाही. पाच वर्षांत 450 दिवस आणि शेवटच्या वर्षात 90 दिवस, याहून अधिक काळ अर्जदार देशाबाहेर राहिलेला नसावा असा दंडक आहे. निघाल्याचा आणि परतल्याचा दिवस धरीत नाहीत, एवढी सवलत. प्रत्येक प्रवासाच्या तारखा द्यायच्या आणि कारण द्यायचे. आईच्या अखेरच्या दुखण्यात मी साताऱ्यास राहिलो, तो काळही याच तक्त्यात, स्पेनच्या सहलीच्या खालच्या ओळीत, त्याच मापाने मोजून भरावा लागला. कारण, कौटुंबिक भेट. मी बराच वेळ संतापून बसलो होतो. परंतु संताप नेमका कोणावर करावा ते ठरेना, कारण त्या खेपेस मी उंबरठा ओलांडून आत आलो तेव्हा आईनेही, पाणी विचारण्याच्या आधी, किती दिवस आहेस एवढेच विचारले होते.

या तक्त्यापुरते पाहिले तर निष्कलंक मराठी अर्जदार इतिहासात एकच झाला, आणि तो आमच्या साताऱ्याचा. इंग्रजांनी 1839 साली प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केले, त्यांची कैफियत घेऊन त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनला आले आणि सुमारे चौदा वर्षे इथेच तळ देऊन राहिले. इथे राहून ते इंग्रजी शिकले, अर्जांमागून अर्ज लिहिले, छापून वाटले, लेडनहॉल स्ट्रीटवरील कंपनी सरकारच्या कचेरीचे उंबरे झिजवले. 1847 साली ज्यांच्यासाठी वकिली चालली होती ते महाराज काशीस निवर्तले. 1848 साली ज्या राज्याची मागणी होती ते राज्यच खालसा झाले. तरी वकील हजर. माझ्या मते त्यांचा नागरिकत्वाचा अर्ज एका बैठकीत मंजूर व्हावा. निवास अखंड. भाषा अवगत. साक्षीदार म्हणून जोसेफ ह्यूम आणि जॉर्ज थॉम्पसन हे साताऱ्याच्या बाजूने बोलणारे दोन गृहस्थ उभे करता आले असते. दोघेही कधी ना कधी पार्लमेंटचे सभासद, ह्यूम तर मूळचे शस्त्रवैद्य, आणि कोणाचेही कोणाशी नाते नाही. कर्ज झाले होते, हे खरे. पण नुसते कर्ज ही दिवाळखोरी नव्हे, आणि लंडनमध्ये चौदा वर्षे राहून कर्ज न होणाऱ्या माणसाचेच चारित्र्य मी अगोदर तपासून घेईन. त्यांचा अर्ज मी मनातल्या मनात पूर्ण भरला, शुल्कासुद्धा. ते आज दीड हजार पौंडांच्या वर आहे आणि नामंजुरी आली तर त्यातले केवळ शपथविधीपुरते पैसे परत मिळतात. चौदा वर्षांच्या नामंजुरीनंतर गुप्त्यांना तेवढे तरी मिळाले असते.

याच ओघात आपणही त्याच परंपरेतले, साताऱ्याहून निघून लंडन दरबारी अर्ज रुजू करणारे, अशी एक सुखद भावना मला होऊ लागली आणि मी ती घरात बोलून दाखवली. सौभाग्यवती म्हणाल्या, "ते दुसऱ्याच्या गादीसाठी झिजले. तुम्हाला विमानतळावरची छोटी रांग हवीय."

हे खोटे नव्हते. रांगच हवी होती. परंतु रंगो बापूजी 1853 च्या सुमारास रिकाम्या हातांनी परतले, 1857 साली त्यांच्या मुलाला साताऱ्यात फाशी झाली, ते स्वतः परागंदा झाले ते पुन्हा कोणाच्या हाती लागले नाहीत; आणि साताऱ्यातल्या 'चार भिंती' या स्मारकाच्या टेकडीवर शाळेच्या सहलीत ही हकिकत ऐकत वाढलेल्या मी आता राजे तिसरे चार्ल्स, त्यांचे वारस आणि उत्तराधिकारी यांच्याशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यायची आहे. राजेसाहेबांविषयी माझी तक्रार नाही. झाडांशी बोलणारा राजा मला आवडतो. वारसांच्या कलमाशी मात्र जीभ अडते. ज्या देशाच्या कंपनी सरकारने साताऱ्याच्या गादीचा दत्तक वारस नामंजूर केला, त्या देशाच्या गादीवर पुढे येणारे यच्चयावत वारस मी, न पाहता, आगाऊ मंजूर करून टाकायचे. शपथ घेईन. ती मोठ्याने म्हणावी लागते, म्हणून मोठ्यानेही म्हणेन.

त्यानंतर भारताचे नागरिकत्व कायद्यानेच संपते, पारपत्र परत करून दाखला घ्यावा लागतो आणि परदेशस्थ भारतीयांच्या कार्डासाठी नवा अर्ज सुरू होतो. ही वार्ता गावी कशी पोचली न कळे, पण परवा चुलतभावाचा फोन आला. सहसा तो फोन करीत नाही. प्रकृतीची चौकशी केली, मुलांची केली, राजाचीही केली. मग घसा खाकरून म्हणाला, "दादा, आता तुम्ही तिकडचंच झालासा म्हंजी सातबाऱ्यावरचं नाव कमी करावं लागत आसंल न्हवं? तलाठी वळखीचा हाय, तुम्ही कशाला हेलपाटा घालताय."

मी त्याला सांगितले की नव्याने शेतजमीन विकत घेण्याची मला मनाई होईल, वडिलोपार्जित हक्काला काही बाध येत नाही.

तो जरा थांबला. "बरं," म्हणाला, "तिकडं पाऊस काय म्हंतोय?"