स्टिफलर कुलवृत्तांत

आमच्या आडनावाच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे. त्यासाठी अण्णाकाकांनी पाठवलेला फॉर्म तीन आठवडे माझ्या टेबलावर पडून आहे. मूळ पुरुष, मूळ गाव, शाखा, घराणे क्रमांक हे रकाने काकांनी स्वतःच निळ्या शाईने भरून पाठवलेत. ते माझ्यावर सोडणं त्यांना धोक्याचं वाटलं असावं. मोकळा ठेवलाय तो शेवटचा रकाना : 'उल्लेखनीय कर्तृत्व'. त्यासमोर दोन ओळींची जागा आहे. मला ती फार होते.

फॉर्मकडे बघायला लागू नये म्हणून मी लॅपटॉप उघडला आणि चार रात्रींत एका अमेरिकन घराण्याचे सगळे सिनेमे बघून टाकले. चौथ्या रात्री लक्षात आलं, की हाही कुलवृत्तांतच आहे. फक्त त्यात 'उल्लेखनीय कर्तृत्व' या रकान्याला दोन ओळी अजिबात पुरत नाहीत.

सिनेमाचं नाव मराठीत लिहिण्याचीच पंचाईत. 'अमेरिकन पाय' म्हटलं की विषय हाडवैद्याचा वाटतो. आमच्या होस्टेलवर ही सीडी फिरायची तेव्हा तिच्यावर मार्करने नुसतंच 'पाय' लिहिलेलं असे. एकदा ती रेक्टरांच्या हाताला लागली. त्यांनी उलटसुलट करून पाहिली आणि "गणिताची का?" असं कौतुकाने विचारून परत दिली. पोरं सुट्टीच्या दिवशीही वर्तुळाचा अभ्यास करतात, याचं त्यांना बरंच समाधान वाटलेलं दिसलं.

मूळ सिनेमा १९९९चा. लेखक अ‍ॅडम हर्झ मिशिगनमधल्या ईस्ट ग्रँड रॅपिड्सचा. त्याने आपल्या गावाचं ईस्ट ग्रेट फॉल्स केलं आणि तिथल्या चार शाळकरी पोरांना एक शपथ घ्यायला लावली. शपथ कसली आणि सफरचंदाच्या पायचं पुढे काय होतं, ते इथे लिहिता येणार नाही. हे वर्तमानपत्र घराघरांत सकाळच्या चहाबरोबर वाचलं जातं. पण त्या प्रसंगात लोकांच्या लक्षात राहिला तो पाय नव्हे, बाप. स्वयंपाकघराच्या दारात येऊन थबकलेला, त्या चौघांतल्या जिमचा बाप. ओरडत नाही, हात उगारत नाही. पुढच्या दृश्यात बाप-लेक समोरासमोर बसलेत, मध्ये त्या पायचे अवशेष, आणि बाप विचार करकरून तोडगा काढतो : आईला सांगू, आपण दोघांनी मिळून खाऊन टाकला. वयात आलेल्या पोराची लाज वाटून घेणारा बाप सगळ्यांनी पाहिलेला असतो. ती वाटून घेऊन अर्धी करणारा बाप सिनेमात तरी क्वचितच दिसतो. भिंतींवर पोस्टर मात्र पायचं लागलं.

आता मूळ पुरुष. स्टीव्ह स्टिफलर हा त्या चौघांतला नव्हेच. ज्याच्या घरी पार्टी असते, जो दर वाक्याला शिवी घालतो आणि ज्याच्याशी मैत्री का ठेवली आहे हे कुणालाच नीट सांगता येत नाही, असा प्रत्येक वर्गात एक असतो, तो हा. पंगतीतलं लोणचं. शॉन विल्यम स्कॉटने ती भूमिका अशी केली, की लोक लोणच्यासाठी जेवायला येऊ लागले. पहिल्या सिनेमाचे आपल्याला आठ हजार डॉलर मिळाले, असं त्यानेच पुढे सांगितलं. सिनेमाचा खर्च होता सुमारे एक कोटी दहा लाख डॉलर, जगभरातली कमाई साडेतेवीस कोटींच्या घरात. लोणच्याचा हिशेब आचाऱ्याने कसा मांडला असेल, ते त्यालाच माहीत.

पण लोणच्यालाही आपला भाव कधीतरी कळतोच. २००१च्या दुसऱ्या भागाचा खर्च तीन कोटी डॉलरवर गेला. २००३मध्ये तिसऱ्या भागात जिमचं लग्न लागलं, तेव्हा तो साडेपाच कोटींवर पोचला. पाचपट खर्च करून कमाई मात्र फिरून पहिल्याच आकड्याशी येऊन थांबली. आपल्याकडे अशा वेळी घरातली मोठी माणसं "आता पुरे" म्हणतात. स्टुडिओत मोठी माणसं नसतात, हिशेबनीस असतात. त्यांनी ताळेबंद मांडला आणि त्यांना दिसलं, की माणूस परवडत नाही. आडनाव मात्र आपल्याच मालकीचं आहे.

तिथून 'अमेरिकन पाय प्रेझेंट्स' सुरू झालं. ही मालिका थिएटरात लागायची नाही, थेट डीव्हीडीवर यायची. पहिला भाग आला २६ डिसेंबर २००५ला, ऐन नाताळच्या सुट्टीत. पुढचे तीनही डिसेंबरातच. आपल्याकडे दिवाळी अंक येतात तसे, आणि पुष्कळशा दिवाळी अंकांइतक्याच घाईत.

पहिल्या भागाचं नाव 'बँड कॅम्प'. त्याची जन्मकथा सांगण्यासारखी आहे. मूळ सिनेमात मिशेल नावाची एक मुलगी आहे. तिची प्रत्येक गोष्ट 'एकदा बँड कॅम्पला काय झालं' अशी सुरू होते आणि ऐकणारा जांभई आवरत बसतो. गंमत अशी, की त्या सिनेमात ते बँड कॅम्प आपल्याला दाखवलं जात नाही. न दाखवण्यातच विनोद होता. स्टुडिओने त्या अर्ध्या वाक्याला कुंपण घातलं, तंबू ठोकले आणि दीड तासाचा सिनेमा उभा केला. आमच्या घरीही एक आजोबा प्रत्येक गोष्ट 'बडोद्याला असताना' अशी सुरू करायचे. आम्ही कुणी बडोद्याला जाऊन खातरजमा करायच्या भानगडीत पडलो नाही, म्हणून आजोबांबद्दलचा आदर शेवटपर्यंत टिकला.

या भागाचा नायक मॅट, स्टीव्हचा धाकटा भाऊ. इथे कुलवृत्तांतकार ज्याला पाठभेद म्हणतात तो येतो. पहिल्या दोन सिनेमांत मॅट झाला होता एली मॅरिएन्थल. त्याच १९९९ साली 'द आयर्न जायंट' या देखण्या कार्टूनपटातल्या मुलाला आवाज देणाराही तोच. आता त्या जागी टॅड हिल्गेनब्रिंक आला. पोराचा चेहरा बदलला, पण आडनाव तेच असल्याने डीव्हीडीच्या खोक्यावर कुणाची तक्रार नव्हती. मॅट शाळेतल्या बँडवाल्यांची खोड काढतो आणि शिक्षा म्हणून त्यांच्याच शिबिरात पाठवला जातो. पाठवणारा समुपदेशक कोण, तर शर्मन. १९९९मध्ये स्वतःला शर्मिनेटर म्हणवून घेणारा आणि भर पार्टीत फजिती झालेला तोच शर्मन. अमेरिकेतही ज्याला काही जमत नाही तो शेवटी दुसऱ्यांना मार्गदर्शन करायला बसतो, हे पाहून परदेशाबद्दलचा माझा न्यूनगंड बराच कमी झाला.

मॅट शिबिरात सामानाबरोबर छुपे कॅमेरे नेतो. मुलींचं चोरून चित्रीकरण करायचं आणि थोरल्या भावाची शाबासकी मिळवायची, हा त्याचा उन्हाळी प्रकल्प. २००५मध्ये याला 'खोडकरपणा' म्हणत आणि शेवटी नायक सुधारला की प्रेक्षकांनीही सोडून द्यायचं असा रिवाज होता. पाहताना मी दोनदा थांबवलं. पहिल्या सिनेमातही वेबकॅमचा एक प्रसंग आहेच आणि तेव्हा होस्टेलवर आम्ही त्याला हसलो होतो. तेव्हा होस्टेलवर मुली नव्हत्या. आता घरात एक आहे.

डीव्हीडीच्या खोक्यावर ठसठशीत 'अनरेटेड' छापलेलं असे. याचं तंत्र असं. अमेरिकेत सिनेमाला श्रेणी देणारं मंडळ सरकारी नाही, स्टुडिओंच्याच संघटनेचं आहे. पण श्रेणी घेतल्याशिवाय बडी थिएटरं दारात उभं करत नाहीत. मूळ सिनेमालाही हवी ती श्रेणी मिळेपर्यंत काटछाट करावी लागली होती. डीव्हीडीला ही सक्ती नाही. म्हणजे 'अनरेटेड'चा अर्थ एवढाच, की हे मंडळाकडे नेलेलंच नाही. पण दुकानात उभ्या असलेल्या सोळा वर्षांच्या पोराला त्याचा अर्थ 'मंडळ पाहून बेशुद्ध पडलं' असा लागायचा. परीक्षेला न बसलेल्या मुलाने 'आमचा निकाल राखून ठेवलाय' म्हणून कॉलर ताठ करावी, तसं हे.

या सगळ्या शाखांना बांधून ठेवणारा माणूस एकच, युजीन लेव्ही. जिमचा तोच बाप, लेव्हेनस्टाइन. जिम नाही, जिमची बायको नाही, पण बाप आहे. प्रत्येक घराण्याला एक कुलोपाध्याय असतो. मुंज असो, लग्न असो, बारावा असो, तो येतो, पाटावर बसतो, दोन मंत्र म्हणतो, दक्षिणा घेतो आणि जाताना पोरांना उपदेश करतो. पहिल्या भागात लेव्हेनस्टाइन शिबिरातले तंटे मिटवायला नेमलेला अधिकारी आहे. आपल्याकडे त्याला तंटामुक्त समितीचं अध्यक्ष केलं असतं. पुढच्या दोन भागांत तो कॉलेजात उगवतो. चौथ्या भागात कळतं, की शाळेच्या ग्रंथालयात लपवलेली प्रेमशास्त्राची वही मुळात त्यानेच सुरू केली होती. म्हणजे उपाध्यायच स्मृतिकार निघाले. त्याच्या वाट्याला प्रत्येक भागात मोजकीच मिनिटं येतात. तेवढ्यात भुवया वर करून तो असा काही अवघडतो, की १९९९चं ते स्वयंपाकघर पुन्हा आठवतं. मग तो जातो आणि उरलेला सिनेमा आपल्याला बघावा लागतो.

रविवारी फॉर्म न्यायला अण्णाकाका आले तेव्हा 'द नेकेड माइल' चालू होता. लॅपटॉप मिटायला मला उशीर झाला. काका कोचावर टेकले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "असू दे, चालू ठेव. हे कोण?"

"एरिक स्टिफलर. मूळ पुरुषाचा चुलतभाऊ."

"सख्खा चुलत का चुलत-चुलत?"

हा प्रश्न त्या स्टुडिओत कुणी विचारल्याचं दिसत नाही. मी सांगितलं, की पोरगा शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे, सरळ आहे, एकाच मुलीवर प्रेम करतो, आणि म्हणून बापाला काळजी लागली आहे. आजवरच्या एकाही स्टिफलरचं या वयात असं झालेलं नाही. कुळाला बट्टा लागणार.

काकांनी थोडा विचार केला. "म्हणजे आपल्या वश्यासारखं. सगळे इंजिनिअर, आणि हा एकटाच तबला वाजवत बसला."

'नेकेड माइल' म्हणजे विद्यार्थ्यांची विवस्त्र दौड, हे मात्र मी काकांना सांगितलं नाही. अ‍ॅन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठात वर्ग संपल्याच्या रात्री अशी दौड १९८०च्या दशकात खरोखरच सुरू झाली होती. पण बघे आणि कॅमेरेवाले वाढले, पोलीस धरपकड करू लागले आणि २०००नंतर ती ओसरली. सिनेमा आला २००६मध्ये. ज्या प्रथेला कॅमेऱ्यांनी पळवून लावलं, तिच्यामागे शेवटचा कॅमेरा घेऊन हे सिनेमावाले धावले.

तिसरा भाग 'बीटा हाउस'. एरिक आणि ड्वाइट हे दोघे चुलतभाऊ आणि कॉलेजातलं वसतिगृहाचं राजकारण. याहून जास्त जागा त्याला देववत नाही. चौथा 'बुक ऑफ लव्ह', २००९चा. त्यात स्कॉट नावाचा आणखी एक स्टिफलर निघतो, पण तोवर आडनावच इतकं पातळ झालं होतं, की गोष्ट तीन भलत्याच पोरांवर सोपवावी लागली. दुसऱ्या वर्षी ब्लॉकबस्टर या अमेरिकेतल्या बड्या व्हिडिओ दुकानसाखळीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ज्या फळीवर चुलतभाऊ ओळीने मांडून ठेवता येत होते ती फळीच निघाली, तेव्हा स्टिफलरांच्या घरी पोरं जन्माला यायची बंद झाली.

२०१२मध्ये मूळ मंडळी पुन्हा थिएटरात जमली, 'अमेरिकन रीयुनियन'साठी. त्यात मॅट नाही, एरिक नाही, ड्वाइट नाही. कुणी त्यांची साधी चौकशीही करत नाही. चार नाताळ ज्यांनी घराण्याचं नाव चालवलं, त्यांना लग्नघरच्या पंगतीत पानही मांडलं नाही. आणि मूळ पुरुष? तो एका कचेरीत हंगामी कारकून झालेला दाखवलाय, साहेबाची बोलणी खातो. सबंध घराण्यात खरी वाटणारी नोकरी एवढीच.

आपल्याकडचे निर्माते अजून या युक्तीपर्यंत पोचलेले नाहीत. 'टाइमपास'चे तीन झाले, 'टकाटक'चे दोन, पण अजून आकडेच वाढवतात. 'टाइमपास'च्या दगडू परबचा सावंतवाडीचा चुलतभाऊ कुणाला सुचलेला नाही. मीही बोलणार नाही.

तिकडे मात्र 'प्रेझेंट्स'चा पाचवा भाग 'गर्ल्स रूल्स' ऑक्टोबर २०२०मध्ये आला. त्यात प्रथमच मुलीची शाखा आहे : स्टेफनी स्टिफलर. आणि प्रथमच उपाध्याय गैरहजर. त्याच्या दोनच आठवडे आधी लेव्हीला 'शिट्स क्रीक' या मालिकेसाठी एमी मिळालं होतं; विनोदी मालिकांचे मुख्य सातही पुरस्कार त्या एकाच मालिकेने नेले. ती मालिका उभी केली लेव्ही आणि त्याच्या मुलाने मिळून, आणि दोघांनाही बक्षिसं मिळाली. पडद्यावर तेरा वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना उपदेश करून अखेर त्याने आपल्या पोराबरोबर दुकान काढलं आणि ते चाललं.

काका अजून कोचावरच होते. त्यांना स्टेफनीबद्दल सांगितलं. "मुलीची शाखा?" त्यांनी विचारलं. "आणि आडनाव माहेरचंच लावते?"

"हो."

"आम्ही आजवर घेत नव्हतो. या आवृत्तीपासून घेतोय." त्यांनी फॉर्म उलटा केला. पाठीमागे खरंच नवा रकाना होता, 'कन्या'. त्यांनी खिशातून निळं पेन काढलं आणि माझ्या मुलीचं नाव स्वतःच लिहून टाकलं. मग पुन्हा फॉर्म उलटवून 'उल्लेखनीय कर्तृत्व'पाशी थांबले, माझ्याकडे पाहिलं, लॅपटॉपकडे पाहिलं, आणि तिथे बारीक अक्षरात लिहिलं : 'लेखन'.

"फोटो देणार का?" ते म्हणाले. "फोटोसह नोंदीचे पाचशे रुपये. बिनफोटोची फुकट आहे, पण ती शेवटी पुरवणीत जाते."