कॅसेटराव

हिंगोलीहून नांदेडला निघालेली एसटी आखाडा बाळापूरला थांबली की चहाच्या टपरीवर ते दिसतातच. पांढरा सदरा, खिशात दोन मोबाइल, त्यातला एक कायमचा बंद. घरचं नाव काहीही असो, गाव त्यांना कॅसेटराव म्हणतं. हळद काय भावानं गेली हे विचारायला लोक मोंढ्यात जातात. गाणं कसं आहे हे विचारायला मात्र कुठं जावं लागत नाही. कॅसेटराव न विचारता सांगतात.

त्यांच्याकडे निकाल दोनच. ‘‘ह्याला गाणं म्हंतेत का?’’ हा पहिला, ‘‘त्याला म्हंतेत गाणं!’’ हा दुसरा. आणि दोन्ही निकाल एकाच कॅसेटला लागतात. मध्ये फक्त वीसेक वर्षं जावी लागतात.

1990 मध्ये ‘आशिकी’ आली. नदीम-श्रवणचं संगीत, कुमार सानू आणि अनुराधा पौडवाल यांचे आवाज, वर टी-सीरीजची खिशाला परवडणारी कॅसेट. पानटपरी, रसवंती, न्हाव्याचं दुकान, ट्रॅक्टर, जिथं म्हणून स्पीकर मावत होता तिथं ती वाजली. कॅसेटराव तेव्हा कॉलेजात होते. त्यांनी निकाल दिला, ‘‘रफी गेला अन् गाणं गेलं. हे तर नाकातून बोलायलंय.’’ पुढे सानूला ओळीनं पाच वर्षं फिल्मफेअर मिळालं, तर त्यांनी सानूबरोबर फिल्मफेअरचंही नाव टाकलं.

मग अल्ताफ राजा आला. ‘तुम तो ठहरे परदेसी’नंतर वारंगा फाट्याच्या काळ्या-पिवळ्या जीपवाल्यांनी दुसरी कॅसेट लावणंच सोडलं. चौदा माणसं आत, चार टपावर आणि सगळ्यांच्या बोकांडी अल्ताफ राजा. कॅसेटराव एसटीची वाट बघत तासभर उन्हात उभे राहायचे, पण त्या जीपला हात करायचे नाहीत. 2006 मध्ये हिमेश रेशमियाचा ‘आप का सुरूर’ आला तेव्हा तर त्यांना सानूचं नाक एकदम सरळ वाटायला लागलं. ‘‘सानू नाकातून गायचा, पण सुरात गायचा,’’ असं ते पहिल्यांदा म्हणाले ते त्या वर्षी. ‘आशिकी’ची बढती तिथून सुरू झाली.

या बढतीचा एक नियम आहे. कॅसेट जितके जास्त लोक ऐकतात तितकी ती वाईट. लोकांनी ऐकणं सोडलं की ती सुधारायला लागते. जीपवाला ऐकतो तोवर फालतू. जीपवाल्यानं जीप विकली, टेप भंगारात दिला, की अभिजात. म्हणजे कॅसेटराव गाणं ऐकतच नाहीत, गाण्याभोवतीची गर्दी मोजतात.

या घराण्याचे मूळपुरुष पार दिल्लीत जाऊन बसले होते. पुण्याचे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर 1952 मध्ये केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. सिनेमाच्या गाण्यांनी लोकांची आवड नासते, असं त्यांचं ठाम मत. ती गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला. त्याच वर्षी तिथं अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. शेवटी 1957 मध्ये विविध भारती काढून सरकारनं गेलेली गिऱ्हाइकं परत बोलावली. मंत्र्यांना हलकी वाटलेली ती गाणी कुणाची? नौशाद, सी. रामचंद्र, शंकर-जयकिशन यांची. आज या नावांचा उच्चार झाला की कॅसेटराव आधी कानाच्या पाळीला हात लावतात. ते 1952 साली असते तर केसकरांच्या फाइलीवर दुसरी सही त्यांचीच असती.

मत बदलणं हा काही गुन्हा नाही. वय वाढतं, कान बदलतात. चाळिशीत जे रडगाणं वाटतं ते पन्नाशीत आपलंच वाटतं. पण कॅसेटराव मताबरोबर स्वतःचा इतिहासही नवा करून घेतात. ‘आशिकी’ वाईट होती तेव्हा त्यांनी ती कधी ऐकलीच नव्हती. ती चांगली झाल्यावर निघालं की बाळापुरात पहिली कॅसेट त्यांनीच आणली होती, नांदेडहून, पाऊस चालू असताना, बनियनच्या आत लपवून.

घरात याला साक्षीदार एकच, वहिनी. कॅसेटींची पेटी त्यांच्या ताब्यात आहे. त्यात रफीच्या कॅसेटी अशा कोऱ्या, की काहींचा कागदही निघालेला नाही. ‘आशिकी’ची पट्टी मात्र दोन जागी तुटून चिकटपट्टीनं जोडलेली, डबीवर हळदीची बोटं. ‘‘लग्न झालं त्या साली हळद शिजत होती,’’ वहिनी सांगतात. ‘‘कढईपाशी रातभर हीच एक कॅसेट. गडी म्हणले, मालक, आता बदला. हे म्हणले, हळद कच्ची राहील.’’

पूर्वी बसस्टँडजवळ एक दुकान होतं. आधी तिथं ‘कॅसेट भरून मिळेल’ अशी पाटी होती, मग सीडीची आली, मग ‘मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील’ आली. आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात. दर पाटीच्या वेळी कॅसेटराव तिथं उभं राहून म्हणाले, ‘‘पहिली पाटी होती तवा संगीत होतं.’’ पहिली पाटी लागली होती तेव्हा काय म्हणाले होते, ते दुकानदाराला विचारा. ‘‘रेकॉर्ड गेली, संगीत गेलं,’’ असं म्हणाले होते.

सगळं सुरळीत चाललं होतं. घोटाळा केला तो पुतण्याच्या पिढीनं. या पोरांना अल्ताफ राजा अचानक आवडायला लागला. त्यांच्या रीलमध्ये सानू आला. हिमेशच्या कार्यक्रमांना तर 2025 मध्ये दिल्ली-मुंबईत तरुण पोरांनी टोप्या घालून गर्दी केली. एका संध्याकाळी पुतण्या अगदी भक्तिभावानं म्हणाला, ‘‘काका, तुमची आशिकी लई भारी राव!’’

कॅसेटरावांचा चेहरा उतरला. तीसेक वर्षं मुरवून तयार केलेली कॅसेट, आणि पुन्हा गर्दी! दोन दिवस ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘‘आशिकी ठीक होती. पण नाकातून होती.’’

‘‘मग चांगलं काय म्हणायचं, काका?’’

‘‘सैराट!’’ कॅसेटराव म्हणाले. ‘‘अजय-अतुलनं पार अमेरिकेत, लॉस एंजेलिसला जाऊन वाद्यवृंद रेकॉर्ड केला त्याच्यासाठी. तसलं काम आता कोण करायलंय?’’

‘‘पण 2016 ला ताईच्या लग्नात झिंगाट लागलं तवा तुम्ही ‘ह्याला गाणं म्हंतेत का’ म्हणून मांडवातून उठून गेलतात की!’’

आतून वहिनींचा आवाज आला, ‘‘उठून गेलते ते खरंय. डीजेच्या गाडीमागं नाचायलते.’’

कॅसेटरावांनी शांतपणे चष्मा पुसला. ‘‘नाचत नव्हतो,’’ ते म्हणाले. ‘‘ताल तपासत होतो.’’